‘टोकन संपले आहे’ या वाक्याला जबाबदार कोण?

दिवस आणि जबाबदार व्यक्ती आधी नोंदवतो, म्हणजे ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही’ असे म्हणण्याची सोय पुढे कोणाला राहणार नाही. सर्व दिवस गेल्या वर्षीचे आहेत.

सर्वपित्री अमावास्येच्या आधीचा आठवडा. फुले-भाजीपाला संकलन केंद्राच्या संगणकावरील सर्व सूचना इंग्रजीतून मराठीत आणण्यात आल्या. जबाबदार: गेट न पाहता ती वाक्ये लिहिणारे परगावचे कार्यालय, आणि एकही वाक्य न वाचता ‘मंजूर’ असा शेरा मारणारे संचालक मंडळ.

अष्टमी, सकाळ. झेंडूने भरलेल्या गाड्या केंद्राच्या गेटवरून परत गेल्या. जबाबदार: प्रोग्राम लिहिणारी तीच परगावची कंपनी, जिने सर्व्हरचा नकार आहे तसा पडद्यावर ओतला, आणि केंद्राचे व्यवस्थापक, ज्यांनी फोनवर आदेश दिला व नंतर तो दिलाच नव्हता असे सांगितले.

दसऱ्यानंतरचा सोमवार. गेटवरील कर्मचारी सुदाम गवारे यांना कामावरून काढण्यात आले. जबाबदार: चौकशी समिती, म्हणजे पुन्हा तेच व्यवस्थापक.

कोजागरीपासून आजतागायत. माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही. जबाबदार: अध्यक्ष.

या यादीत सुदाम गवारे यांचे नाव जबाबदार म्हणून कोठेही नाही. ते का नाही, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे. संपादकांनी माझ्याकडे ‘निवृत्तीनंतरच्या कामातील गमतीजमती’ मागितल्या होत्या. गमती आहेत, त्या ओघाने येतीलच. परंतु ज्या गोष्टीत एका माणसाचे नाव गेले, ती गमतींच्या मागे दडवणे मला जमणार नाही.

माझी उमेदीची वर्षे एकलहऱ्याच्या वीजनिर्मिती केंद्रात, उपकरण विभागात गेली. संध्याकाळच्या वर्गांना बसून कायद्याची पदवी घेतली. वकिली मात्र केली नाही. बायको म्हणते, वकिली केली असतीत तर निदान पत्रे लिहिण्याचे पैसे तरी मिळाले असते. निवृत्तीनंतर पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकलो आणि अंबडच्या लहान कारखान्यांची, शीतगृहांची, वजनकाट्यांची कामे घेऊ लागलो. काटा जे वजन दाखवतो ते संगणकात आणायचे, संगणकातून दूरच्या सर्व्हरकडे पाठवायचे, आणि सर्व्हरचे उत्तर पडद्यावर दाखवायचे, एवढेच माझे काम. ऐकायला किरकोळ वाटते. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला प्रश्न विचारण्याची जी ठरलेली खिडकी असते तिला एपीआय म्हणतात, आणि माझे निवृत्तीनंतरचे आयुष्य अशा खिडक्यांपुढे रांगेत उभे राहण्यात गेले आहे.

या खिडकीवर कोणालाही प्रश्न विचारता येत नाही. आधी आपण कोण हे पटवावे लागते. ते एकदा पटले की सर्व्हर एक लांबलचक सांकेतिक मजकूर देतो. त्याला टोकन म्हणतात. पुढे प्रत्येक विनंतीसोबत ते टोकन दाखवायचे. वकिली भाषेत सांगायचे तर हे मुदतीचे मुखत्यारपत्र आहे. त्यावर अधिकार लिहिलेला असतो आणि तो कधीपर्यंत चालेल हेही लिहिलेले असते. मुदत मुद्दाम थोडी ठेवतात, कारण टोकन चोरीला गेले तर चोराच्या हाती ते फार काळ चालू नये. मुदत संपली की सर्व्हर चारशे एक हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ एवढाच की ‘तुझी ओळख आता मला मान्य नाही, नवी घेऊन ये’. हा अपमान नाही आणि अपघातही नाही. हा रोजचा, अपेक्षित, व्यवस्थेत धरलेला नकार आहे.

तो कसा हाताळायचा याचे उत्तर पायथनमध्ये मोजक्या ओळींत मावते. विनंती पाठवा. चारशे एक आले, तर नूतनीकरणासाठी वेगळे दिलेले दुसरे टोकन वापरून नवे टोकन मागा. मूळ विनंती एकदाच पुन्हा पाठवा. तरीही नकार आला तर थांबा, आणि समोरच्या माणसाला त्याच्या शब्दांत सांगा की काय बिघडले आहे आणि त्याने काय करायचे आहे. ‘एकदाच’ हा शब्द मी नवशिक्यांकडून मोठ्याने वदवून घेतो. अंबडच्या एका कारखानदाराच्या प्रोग्राममध्ये तो शब्द राहून गेला होता. टोकन संपले, आणि त्यांचा संगणक सर्व्हरचे दार न थांबता ठोठावत राहिला. शेवटी सर्व्हरने त्यांचे खातेच बंद केले, आणि मालक मला म्हणाले, “आम्ही तर मागे लागून काम करून घेणारी माणसं, यंत्रालाही तीच सवय लागली.”

वणीच्या एका लॉजमालकांची गोष्ट याहून रंगतदार आहे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. गडावर जाणाऱ्या भाविकांच्या खोल्या ऑनलाइन आरक्षित व्हाव्यात म्हणून त्यांनी मला बोलावले. मुदतीचा प्रकार समजावून सांगितला, तर ते खुर्चीत सावरून बसले.

“साहेब, मुदत-बिदत नका लावू. देवीला आलेल्या माणसाला आपण कधी म्हणतो का, तुझी मुदत संपली म्हणून? कायमचंच टोकन द्या बसवून.”

“आप्पा, खोलीची चावी तुम्ही भाविकाला कायमची देता का?”

“मंग तो खोलीच घेऊन जाईल की!” म्हणाले, आणि स्वतःच हसले.

तेथे दोन काउंटर होते, आणि दोन्हींचे संगणक नूतनीकरणाचे एकच टोकन वापरत होते. सर्व्हरचा नियम असा की नूतनीकरण झाले की जुने रद्द. पहिला काउंटर नवे घेई, की दुसऱ्याचे रद्द होई; दुसरा घेई, की पहिला बाहेर. यात्रेच्या गर्दीत दोघे कारकून एकमेकांवर ओरडत होते, “तुझ्यामुळं माझं बंद पडलं!” आणि विशेष म्हणजे दोघेही खरे बोलत होते. मी दोन्ही काउंटरना एकाच ठिकाणाहून टोकन मिळेल अशी व्यवस्था केली. आप्पांनी पेढे दिले आणि विचारले, “आता भांडणार नाय ना?” मी म्हटले, संगणक भांडणार नाहीत, कारकुनांची हमी देत नाही.

तेथपर्यंत हे सगळे गमतीत जमा होते.

आता केंद्राकडे येतो. शहराच्या उत्तरेला, म्हसरूळच्या पुढे, फुले आणि भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून काढलेली एक कंपनी आहे. तिचे नाव लिहीत नाही, कारण तिचे सभासद माझे शत्रू नाहीत. केंद्रात शेड आहे, वजनकाटा आहे, आणि गेटवर एक खिडकी आहे. वजनकाट्याचे काम माझ्याकडे होते. खिडकीवरचा प्रोग्राम परगावच्या कंपनीचा होता. सुदाम गवारे त्या खिडकीवर बसत. वय चाळिशीच्या पुढचे, आवाज खणखणीत, आणि प्रत्येक माळ्याला नावाने ओळखणारे.

त्या गेटची एक जुनी पद्धत आहे, आणि सारे प्रकरण तिच्यावरच उभे आहे. शेडमध्ये दिवसाला ठरावीक गाड्यांचाच माल मावतो. म्हणून सकाळी येणाऱ्या गाडीला क्रमांकाची एक चिठ्ठी देतात. तिला टोकन म्हणतात. क्रमांक पुरे झाले की गेटवरून ओरडून सांगतात, “टोकनं संपली, उद्या या!” मग उरलेले लोक कुरकुरत, पण तक्रार न करता, माल शहराच्या फुलबाजारात नेतात. ही पद्धत संगणकाच्या आधीपासूनची आहे. त्या परिसरात ‘टोकन संपले’ या दोन शब्दांचा दुसरा अर्थ अस्तित्वातच नाही. शाळकरी मुलाला विचारा, तो हेच सांगेल.

अष्टमीच्या सकाळी पहिली गाडी मंदाताई काठे यांची होती. म्हसरूळच्या बाजूला त्यांचा मळा आहे. पिकअपमध्ये झेंडूचे कॅरेट रचलेले, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी त्या स्वतः. दसऱ्याच्या झेंडूला दोन दिवसांचे आयुष्य असते. त्यानंतर तो फूल राहत नाही, कचरा होतो. सुदामने त्यांचा सभासद क्रमांक संगणकात घातला. पडद्यावर वाक्य आले: ‘टोकन संपले आहे. कृपया नवीन टोकन घ्या.’

नवीन टोकन म्हणजे उद्याचे टोकन. सुदामने दुसऱ्या गाडीचा क्रमांक घातला. तेच वाक्य. तिसऱ्याचा घातला. तेच.

मला दुपारच्या आत बोलावणे आले, कारण शेडमध्ये एकही फूल आले नाही म्हणून व्यवस्थापक घाबरले होते, आणि वजनकाटा बंद पडला असावा असा त्यांचा तर्क होता. मी पोहोचलो तेव्हा गेटवर फक्त मंदाताईंची गाडी उभी होती. बाकीच्या निघून गेल्या होत्या. काही फुलबाजारात गेल्या, जेथे एकदम आलेल्या मालाने भाव कोसळला. काही घरी गेल्या.

“काका, वजनकाट्याला काय झालंय?” सुदामने मला विचारले.

“काट्याला काही झालेले नाही. तुम्ही गाड्या का परत पाठवल्यात?”

“मी कुठं पाठवल्या? टोकनं संपली ना. मला वाटलं, रातीतनंच ऑनलाइन वाटून टाकली असतील.”

“मोठ्या बागाइतदारांनी उचलली असतील, असंच म्हटले सगळे,” मंदाताई गाडीतूनच म्हणाल्या. “दरसालचं हाय हे. पण मी हलले नाय. म्हटलं, सकाळच्या पहिल्या गाडीला टोकन नाय, असं कसं व्हईल? मी इथंच बसते, कोण आत जातं ते बघते.”

“मग कोण गेले आत?”

“कुत्रं गेलं एक. त्याला टोकन लागत नाय.”

मी खिडकीत जाऊन पडदा पाहिला. तांत्रिक माणूस म्हणून त्या वाक्याचा अर्थ मला तत्काळ कळला: प्रवेशाचे टोकन मुदतबाह्य झाले आहे, नूतनीकरण झालेले नाही. मग मी संगणकाचे घड्याळ पाहिले. ते मागे पडले होते. संगणकाच्या आतली छोटी बॅटरी निकामी झाली होती, आणि आदल्या दिवशी वीज गेल्यावर घड्याळ भरकटले होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी टोकनची मुदत त्या घड्याळावर मोजली होती. घड्याळ म्हणत होते की टोकन अजून जिवंत आहे. सर्व्हर म्हणत होता की ते मेले आहे. अशा वेळी सर्व्हरचे खरे मानायचे असते, कारण दार त्याचे आहे. येथे प्रोग्रामने घड्याळावर विश्वास ठेवला, नवे टोकन मागितलेच नाही, आणि सर्व्हरचा नकार मराठी करून सुदामच्या तोंडावर फेकला.

मी घड्याळ दुरुस्त केले, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि सुदामने मंदाताईंचा क्रमांक घातला. पडद्यावर आले: क्रमांक एक.

“टोकन नंबर एक!” सुदाम सवयीने ओरडले. ऐकायला कोणी नव्हते. रिकाम्या शेडमध्ये तो आवाज घुमला, आणि त्यांचा चेहरा उतरला. काय झाले आहे हे त्यांना त्या क्षणी कळले. ते खिडकीतून उठून बाहेर आले आणि रस्त्याकडे पाहत उभे राहिले, जणू गेलेल्या गाड्या अजून हाक मारून थांबवता येतील.

मी विचारले, “सुदामराव, शंका आली तेव्हा वर विचारले नाहीत का?”

“विचारलं ना. साहेबांना फोन लावला.”

“काय म्हणाले?”

सुदामने शेडकडे पाहिले. व्यवस्थापक तेवढ्यात शेडमधून आमच्याकडे येत होते.

“मी सांगते,” मंदाताई गाडीतून उतरल्या. “फोन इस्पीकरवर होता. साहेब म्हटले, ‘पडद्यावर जे लिहिलंय तेवढंच कर, तुझं डोकं लावू नको.’ ह्याच शब्दात म्हटले.”

व्यवस्थापक माझ्याकडे पाहून म्हणाले, “नेरकर साहेब, तुम्ही काट्याचं बघा.”

येथे मला माझ्या जुन्या नोकरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. एकलहऱ्याला नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचनांचा एक मोठा फलक होता. त्यावर लहान लहान चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत दोन-तीन शब्द. बिघाड झाला की ती चौकट उजळते आणि भोंगा वाजतो. त्या दोन-तीन शब्दांवर आम्ही तासन्‌तास भांडलेलो आहोत. आमचे वरिष्ठ नवी चौकट बसवण्याआधी तिचे शब्द पाळीवरच्या ऑपरेटरला वाचायला देत आणि एकच विचारत, “आता तू काय करशील?” त्याने चुकीचे उत्तर दिले, तर ऑपरेटर बदलत नसत, शब्द बदलत. या शिस्तीचा मला अभिमान आहे, आणि आजच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे ती नाही याची खंत आहे. पडद्यावरचे वाक्य आमच्या व्यवसायात सर्वांत शेवटी लिहिले जाते. बाकी सारे काम झालेले असते, ते द्यायची घाई असते, आणि जो हाताला लागेल तो शब्द तेथे बसवला जातो.

परगावच्या त्या कंपनीला मी फोन केला. प्रोग्रामचे काम पाहणाऱ्या तन्वी नावाच्या बाई बोलल्या. अतिशय सौजन्याने बोलल्या, हे नमूद करतो.

“सर, घड्याळाचा मुद्दा मान्य. तो आम्ही दुरुस्त करतो. पण मेसेज तर बरोबर होता ना? टोकन एक्सपायरच झालं होतं.”

“कोणाचे टोकन?”

“म्हणजे... अ‍ॅप्लिकेशनचं.”

“नवे टोकन कोणी घ्यायचे होते?”

“अ‍ॅप्लिकेशननं.”

“मग ‘कृपया नवीन टोकन घ्या’ ही विनंती तुम्ही गेटवरच्या माणसाला कशासाठी केलीत?”



“सर, पण आमच्याकडे त्याला टोकनच म्हणतात.”

“तुमच्याकडे,” मी म्हटले. “वाक्य मात्र आमच्याकडे लावलेत.”

नंतर त्यांनी वाक्य बदलले. आता तेथे लिहिलेले असते: ‘संगणकाचा संपर्क तुटला आहे. गाड्या थांबवून ठेवा, परत पाठवू नका. कार्यालयाला कळवा.’ उत्तम वाक्य आहे. चूक झाल्यावर ती दुरुस्त करणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, हे कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला ठाऊक आहे, आणि तसा अर्थ मी काढणार नाही. परंतु केंद्राच्या ज्या कारभाऱ्यांनी ते वाक्य गुपचूप बदलून घेतले, त्यांनीच जुने वाक्य वाचणाऱ्या माणसाला घरी पाठवले, एवढी वस्तुस्थिती वाचकांसमोर असावी.

दसऱ्यानंतर सभासद चिडून कार्यालयावर गेले. त्यांचा राग रास्त होता. संचालकांना त्या रागासमोर उभे करायला कोणीतरी हवे होते. चौकशी समिती नेमली गेली. तिचे एकमेव सदस्य व्यवस्थापक होते. ज्याच्या आदेशाची चौकशी व्हायची, त्यानेच चौकशी करायची, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. ते समजायला पदवी लागत नाही. मंदाताई साक्ष द्यायला स्वतः गेल्या. त्यांना बाहेर बसवून ठेवले आणि संध्याकाळी सांगितले की साक्षीची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली, आणि तीच सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. त्यात लिहिले होते की सुदाम गवारे यांनी ‘स्वार्थापोटी शेतकऱ्यांची दिशाभूल करून’ गाड्या परत पाठवल्या, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.

‘स्वार्थापोटी’ हा शब्द वाचकांनी पुन्हा वाचावा. हलगर्जीपणा म्हटले असते तर मी वाद घातला असता, पण समजू शकलो असतो. स्वार्थापोटी म्हटले की अर्थ एकच निघतो: भाव पाडण्यासाठी फुलबाजारातल्या व्यापाऱ्यांनी याला हाताशी धरले. हे कोणी म्हटले नाही, कोणी सिद्ध केले नाही, कोणी त्यांना विचारलेही नाही. एका शब्दात सुचवले आणि सोडून दिले.

मंदाताईंनी ग्रुपवर लगेच लिहिले. त्यांचा मजकूर मी येथे आहे तसा देतो, कारण माझ्या साऱ्या पत्रांपेक्षा तो नेमका आहे: “डोकं लावू नको म्हणून सांगितलं. त्यानं डोकं नाय लावलं. आता म्हणता डोकं का नाय लावलं. मंग डोकं कुणी लावायचं होतं ते तरी सांगा.” त्यांना ग्रुपमधून काढण्यात आले.

मी अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यात मांडणी अशी केली: कोणत्याही शब्दाचा अर्थ तो ज्याच्यासाठी लिहिला त्याच्या रोजच्या व्यवहारातला धरायचा असतो. गेटवरच्या पडद्यावरील वाक्य गेटवरच्या माणसासाठी आहे. त्या गेटवर टोकन म्हणजे क्रमांकाची चिठ्ठी. म्हणून सुदाम गवारे यांनी त्या वाक्याचा एकमेव शक्य अर्थ घेतला, खात्री करण्यासाठी वरिष्ठांना विचारले, आणि वरिष्ठांनी दिलेला आदेश पाळला. यात दिशाभूल झाली असेल तर ती त्यांची झाली. उत्तर आले नाही. दुसरे पत्र पोहोच घेऊन दिले. उत्तर आले नाही. त्यानंतरच्या पत्रांच्या प्रती माझ्या फाइलला आहेत.

एका लग्नात अध्यक्ष भेटले. माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, माणूस म्हणून वाईट नाहीत. पंगतीत शेजारी येऊन बसले.

“काका, एका माणसापायी केवढी पत्रं लिहिता! गेटवर आता दुसरा माणूस बसवला. सगळं सुरळीत चालू हे.”

“सुरळीत चालले आहे, कारण वाक्य बदलले आहे. माणूस बदलल्यामुळे नव्हे.”

“तेच म्हणतो ना मी. मिटलं ते.”

“तुमचे मिटले. त्याचे मिटलेले नाही. तो शब्द मागे घ्या.”

“आता एवढं जुनं उकरून सभासदांना काय सांगायचं? की आमचीच चूक होती?”

“होय.”

त्यांनी वाढप्याला बोलावून मला आग्रहाने जिलेबी वाढायला लावली आणि दुसऱ्या पंगतीकडे निघून गेले.

सुदाम आता अंबडला एका कारखान्यात गाड्या भरण्याच्या कामावर आहेत. मी अलीकडे त्यांना भेटायला गेलो. बरोबर न्यायालयात जाण्यासाठीचा नोटिशीचा मसुदा नेला होता. तो मी फार मेहनतीने केला होता, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला मोह होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर बसलो. ते पूर्वीपेक्षा हळू बोलतात, हे मला जाणवले.

“सुदामराव, यात पुन्हा कामावर घेण्याची मागणी आहे, आणि मागचा पगार...”

“नको काका.”

“का?”

“मला परत त्या खिडकीत नाय बसायचं. रोज त्येच लोक समोरून येणार.” त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. “गावात मला कुणी सुदाम म्हणत नाय आता. पोरं ‘ए टोकन’ म्हणून हाक मारतात. हसायचं म्हणून हसतो मी पण. पण पोरांचं जाऊ द्या. म्हातारी माणसं काय म्हणत नायत, नुसती बघतात. ज्यांचा झेंडू सडला ती. त्यांना वाटतं, ह्यानं घेतले.”

“कोणी तसे बोलले तुम्हाला?”

“बोलले असते तर बरं झालं असतं. मी सांगितलं तरी असतं.”

“मग काय हवे आहे तुम्हाला?”

त्यांनी विचार केला. मग म्हणाले, “नोकरी नको, पगार नको. फक्त सगळे बसलेले असताना त्यांनी सांगावं, सुदामनं कुणाचं काय घेतलं नव्हतं. एवढंच. लय झालं मला.”

मी मसुदा घडी करून खिशात ठेवला. कायद्याच्या अंगाने ती मागणी अपुरी आहे असे माझे मत होते, आणि आजही आहे. परंतु मत माझे आहे आणि नाव त्यांचे आहे. काय मागायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा. म्हणून या लेखात मी त्यापेक्षा कणभरही जास्त मागणार नाही.

दिवाळीनंतर कंपनीची वार्षिक सभा आहे. अध्यक्ष महाशय, हा अंक आपल्या घरी येतो हे मला माहीत आहे. आपण सभेत एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: ‘स्वार्थापोटी’ या शब्दाला आधार काय? आधार असेल तर तो सभासदांपुढे ठेवा, आणि मी माझी सर्व पत्रे जाहीरपणे मागे घेईन. आधार नसेल तर तो शब्द ज्या फलकावर लावलात त्याच फलकावर आणि ज्या ग्रुपवर पाठवलात त्याच ग्रुपवर मागे घ्या. व्यवस्थापकांना उभे करू नका. सूचनेखाली सही आपली आहे. मला टपालाने उत्तर पाठवू नका, मी ते घेणार नाही. उत्तर सभेत द्या, सुदाम गवारे पहिल्या रांगेत बसलेले असताना, त्यांच्याकडे बघून, आणि माइकवर द्या.